वहिनीची जागा

डिसेंबर लागला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं. माझा नवरा अमेय पुण्याचा. तो म्हणतो, "अवरेकाई, अवरेकाई काय लावलंय? पावटाच आहे ना तो?" यावर माझी आई स्वयंपाकघरातून, मान वर न करताच, उत्तर देते, "तुमचा पावटा पुण्याला. ही अवरेकाई." एरवी जावयाशी ती इतक्या ठसक्यात कधी बोलत नाही. या दोन महिन्यांत मात्र तिला सगळं माफ असतं.

अमेयचंही काही चुकत नाही. दिसायला पावटाच. पण बंगळुरात थंडी पडली, पहाटे धुकं उतरायला लागलं, की या शेंगांना एक तेलकट, उग्र, हिरवा वास सुटतो. कन्नडमध्ये त्याला सोगडु म्हणतात. मराठीत त्याला काय म्हणतात ते आमच्या घरात कुणालाच कधी सापडलं नाही, आणि शोधायची गरजही पडली नाही. बाजारातल्या बायका शेंग बोटांत चुरडून नाकाशी नेतात, आणि वास नसला तर "सोगडु इल्ला" म्हणून ती टाकून पुढच्या ढिगाकडे वळतात. हा वास हाताला लागला की साबणाने जात नाही. शाळेत असताना माझ्या वह्यांनाही तो यायचा. बाई वही उघडायच्या, हसायच्या आणि काही न बोलता तपासायला घ्यायच्या, कारण त्यांच्याही बोटांना तोच वास असायचा.

आता आम्ही बेळ्ळंदूरला राहतो, अकराव्या मजल्यावर. संध्याकाळी गॅलरीतून खाली बघितलं तर रिंग रोडवर गाड्यांचे लाल दिवे जागच्या जागी उभे असतात. ऑफिस इतकं जवळ की इमारत दिसते, आणि तरी घरी पोचायला तासभर लागतो. इथे भाजी दारात येते. अवरेकाईसुद्धा येते, सोललेली, दाण्यावरची सालही काढलेली, प्लास्टिकच्या डब्यात. गेल्या वर्षी अमेयने मोठ्या कौतुकाने मागवली. "आई, बघा, टेन मिनिट्समध्ये आली! आता तुम्हाला काही त्रास नाही." आईने डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये मागे सरकवला. तिथेच तो डबा म्हातारा झाला. ती स्वतः फाटकाशी उभ्या राहणाऱ्या भाजीच्या गाडीवर जाते, "स्वल्प नोडी कोडप्पा" म्हणत गाडीवाल्याला नीट बघून द्यायला लावते, आणि आम्हा चौघांना आठवडाभर पुरून उरतील एवढ्या शेंगा घेऊन वर येते.

"एवढ्या कोण सोलणार?" मी विचारते.

"सोलू की सगळे मिळून."

सगळे म्हणजे कोण, हे ती सांगत नाही. अमेय मीटिंगमध्ये असतो, मी अर्धी मीटिंगमध्ये असते. आमची इरा चार वर्षांची. तिला शेंगेत हिरवी अळी सापडली की पुढचं सगळं काम थांबतं, कारण अळीला नाव ठेवायचं असतं आणि तिच्यासाठी काडेपेटीत घर करायचं असतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आतापर्यंत मी हिला आई म्हटलं ते लिहिण्यापुरतं. प्रत्यक्षात मी तिला आयुष्यात कधी आई म्हटलेलं नाही. मी तिला वहिनी म्हणते. आणि लहानपणी ज्या बाईला मी आई म्हणायची, ती माझी काकू.

यात गूढ काही नाही. बंगळुरातच, बसवनगुडीला आम्ही एकत्र राहायचो: आम्ही तिघं आणि काका-काकू, त्यांचे दोन मुलगे, रवीदादा आणि सुनील. माझे वडील थोरले, म्हणून काका त्यांना अण्णा म्हणायचे आणि माझ्या आईला वहिनी. घरात दिवसभर तेच कानावर पडायचं, म्हणून मीही तेच उचललं. काकूला तिचे मुलगे आई म्हणायचे, तर मीही आई म्हणायला लागले. काकांना मात्र मी काकाच म्हणायची, कारण त्यांना मोठ्या मिशा होत्या आणि मिशा असलेल्या माणसाशी सलगी करायचा मला धीर नव्हता. अशी नावं पडलेली घरं आमच्या लोकांत त्या काळी कितीतरी होती. कुणी ती दुरुस्त करायला जात नसे. माझ्या वहिनीनेही केली नाहीत.

शिवाय काकूला आई म्हणायला सबळ कारण होतं. अण्णांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. काकाही तिथेच बसायचे, पण त्यांचा जीव कपड्यात नव्हता; शिलाई मशीन बिघडलं की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. वहिनी दुपारी जेवणं आटोपली की दुकानात जायची. काजं करणं, बटणं लावणं, हातशिलाई, हे सगळं ती करायची. म्हणून मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, दुपारी थोपटून झोपवणं काकूकडे होतं. वहिनी म्हणजे संध्याकाळी येणारी, बोटाला दोऱ्याचे वळ असलेली, दमलेली, सुंदर बाई. मला ती फार आवडायची. पण गुडघा फुटला तर मी तिच्याकडे जात नसे.

आमचं घर वठारात होतं. मधे अंगण, अंगणाभोवती बिऱ्हाडं, सगळ्यांचा मिळून एक नळ. लाल ऑक्साइडची जमीन, दुपारी गाल टेकवला की गारेगार. खोल्या दोनच आणि एक स्वयंपाकघर. त्यात सात माणसं कशी मावायची, हे आज मला अमेयला समजावून सांगता येत नाही. तो विचारतो, "पण झोपायचात कुठे?" मी म्हणते, "जिथे जागा असेल तिथे." त्याला वाटतं मी उत्तर टाळते आहे. पण खरंच तसंच होतं. जागा ठरलेल्या असायच्या त्या झोपायच्या नाहीत, संध्याकाळी बसायच्या.

अवरेकाईच्या दिवसांत तर नक्कीच. सकाळी शेंगा सोलून दाणे पाण्यात टाकलेले असायचे. संध्याकाळपर्यंत ते फुगायचे. मग मधल्या खोलीत परात यायची आणि परातीभोवती सगळं घर बसायचं. फुगलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल मागे राहते आणि आतला हिरवागार, गुळगुळीत गर सुटून परातीत पडतो. नेहमी परातीतच पडतो असं नाही. कधी तो काकांच्या मिशीवर बसायचा, कधी अण्णांच्या चष्म्यावर. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. एक माणूस करायला बसला तर वैतागून उठेल आणि साधं उप्पिट करून मोकळा होईल. सात माणसं बसली की बोलता बोलता परात भरते. म्हणून मला वाटतं, आमच्या घरात या दाण्यांच्या आमटीचं जे एवढं कौतुक होतं ते चवीचं कमी आणि त्या बसण्याचं जास्त होतं. बसवनगुडीत आजही कुठल्या तरी घरात बायका परातीभोवती बसलेल्या असतील. आमच्या इमारतीत तो डबाच येतो.

अण्णा भिंतीला टेकून बसायचे, कारण दिवसभर वाकून कापड कापल्याने त्यांची पाठ धरायची. काका रेडिओजवळ. दोघे मुलगे एकमेकांना ढकलता येईल इतक्या अंतरावर. काकू परातीच्या समोर, कारण सूत्रं तिच्या हातात. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, म्हणजे बसल्या जागेवरून चुलीवरच्या दुधाकडे लक्ष राहील. आणि मी काकू आणि वहिनीच्या मधे. डाव्या बाजूला काकूचा दंड, उजव्या बाजूला वहिनीचा. दोघींच्या अंगाला वेगवेगळा वास होता. अवरेकाईचे दिवस आले की दोघींना एकच वास यायचा.

लहान मुलाला घर कसं कळत असेल, याचा मी हल्ली इराकडे बघून विचार करते. आपण मोठी माणसं घर म्हणताना भिंती धरतो, पत्ता धरतो, नात्यांची उतरंड धरतो. मुलाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसते संध्याकाळ. दिवसा कोण कुठे असेल याचा नेम नसतो. कुणी दुकानात, कुणी शाळेत, कुणी देवळात, कुणी नळावर. त्याची काळजी करायची नसते, कारण उजेड कमी झाला की सगळे येतात. का येतात, हे मुलाने कधी विचारलेलं नसतं. माणसं घरी येतात, असं आपण म्हणतो. मुलाच्या लेखी माणसं जिथे येतात ते घर असतं. आणि मी स्वतः जिथे असेन तिथेच ती येणार, याबद्दलही त्याला शंका नसते. निदान मला नव्हती.

मी पाच-सहा वर्षांची असताना काकांना पीण्याला एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. त्यांना हवं होतं तेच काम. बसवनगुडीहून पीण्या म्हणजे तेव्हा दोन बस बदलून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. काही महिने त्यांनी जाऊन-येऊन पाहिलं. मग कारखान्याजवळच दोन खोल्या बघितल्या. भांडण झालं नव्हतं, निदान माझ्या कानावर तरी आलं नाही. पण वठारातल्या बायका नळावर हळू आवाजात "वेगळे होताहेत म्हणे" असं बोलायच्या, आणि वहिनी आली की बादली सरकवायच्या. वेगळे म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं, काहीतरी नवीन करायचं असेल.

टेम्पो आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. संक्रांत होऊन गेली होती, पण शेंगा अजून येत होत्या. लोखंडी कपाट, ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, काकूचं तुळशीचं डबडं, सगळं चढलं. दोघे मुलगे सामानावर जाऊन बसले. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि मी तिच्या मांडीवर जाऊन बसले. कुणी मला बोलावलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "मंजू, उतर. ये इकडे." मी म्हटलं, "मी आईबरोबर जाणार." अण्णांनी पुन्हा सांगितलं. मी काकूच्या पदराला धरलं आणि मोठ्याने म्हटलं, "मला आईबरोबर जायचंय." नळावरच्या एक बाई हसून म्हणाल्या, "बघा गं, पोरगी कुणाची ते!" सगळे हसले.

वहिनी दारात उभी होती. हाताला शेंगांचा हिरवा रंग लागलेला. ती पटकन आत गेली. माझा स्वेटर आणि कंगवा घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "जाऊ दे," ती अण्णांना म्हणाली. "राहील चार दिवस." मग काकूकडे बघून म्हणाली, "सकाळी दूध पीत नाही लवकर. मागे लागावं लागतं." काकू तिला अक्का म्हणायची. म्हणाली, "मला माहितेय, अक्का." अर्थातच तिला माहीत होतं. रोज तीच पाजायची.

मी वहिनीला हात केला आणि निघाले. संध्याकाळी ये, असं सांगायचं मला सुचलं नाही. येणाऱ्या माणसाला कुणी ये म्हणून सांगतं का?

पीण्याच्या खोल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मागे होत्या. दिवसभर भिंतीतून लेथचा आवाज यायचा, एकसुरी, दातांत घुमणारा. बाहेर लोखंडाचे चकचकीत वेटोळे पडलेले असायचे. सुनीलने त्यातलं एक मला बांगडी म्हणून दिलं आणि माझा हात कापला. हवेत तेलाचा वास. झाड एकच, त्याच्याही पानांवर काळी धूळ. दिवसभर मला ते सगळं फार आवडलं. मग भोंगा झाला, बाहेरचा आवाज थांबला, उजेड कमी झाला, आणि मी बसायच्या जागा ठरवायला घेतल्या.

त्या खोलीतही एक भिंत होती, ती अण्णांची. रेडिओ अजून गाठोड्यात होता, म्हणून काकांना खिडकी दिली. स्वयंपाकघराला उंबरा होता. ती वहिनीची जागा. काकूने सवयीने अवरेकाई भिजत घातली होती, सवयीनेच जास्त. परात आली. काका काळे हात धुऊन आले. मी काकूच्या शेजारी बसले आणि उजव्या बाजूला जागा सोडली. तिथे रवीदादा येऊन बसला. मी त्याला ऊठ म्हटलं. तो उठला नाही. मी त्याच्या दंडाला चावले, चांगली कडकडून. तो भोकाड पसरून रडला. पुढे काय झालं ते मला आठवत नाही. काकूने मला फटका दिला की जवळ घेतलं, काहीच नाही. एवढं आठवतं की परात भरायला खूप वेळ लागला, आणि अण्णा-वहिनी आले नाहीत.

मी घाबरले नव्हते. बसला उशीर झाला असेल, दुकानात गिऱ्हाईक आलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागा धरल्या. तिसऱ्या दिवशीही. दिवसा मी खुशाल खेळायची. संध्याकाळ झाली की मात्र खेळ टाकून आत यायची. काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी, दुपार कलताना, ती दोघं आली. अण्णांच्या हातात फळांची पिशवी, वहिनी बाहेर जायची साडी नेसलेली. मी धावत गेले नाही, गळ्यात पडले नाही. नेहमी संध्याकाळी ती दुकानातून यायची तेव्हा तरी मी कुठे गळ्यात पडायची? मी उंबऱ्याजवळ गेले, हाताने जमीन झाडली आणि म्हटलं, "बस, वहिनी. इथे बस."

ती बसली. अंग चोरून, पदर सावरून. काकूने पाणी दिलं. मोठी माणसं बोलत राहिली. अंधार पडू लागला. अण्णा भिंतीला टेकलेले, काका खिडकीशी, मुलगे ढकलाढकली करताहेत, आणि मी पुन्हा दोघींच्या मधे. त्या संध्याकाळी मला जे वाटलं त्याला सुख हाच शब्द आहे. इतकं पुरतं सुख मला नंतर फार थोड्या वेळा मिळालं. म्हणून अण्णांनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि "चल, घरी जाऊ" म्हणाले, तेव्हा मी लाथा झाडल्या. घरी काय घरी? सगळे इथेच तर आहेत! मी रडत रडत बसमध्ये बसले आणि वहिनीच्या मांडीवर झोपून गेले.

त्यानंतर वहिनी दुपारी दुकानात गेली नाही. काजं-बटणं ती घरी आणून करू लागली. माझी वेणी तीच घालायची, जरा जास्त घट्ट. संध्याकाळी आम्ही तिघं बसायचो आणि मधली खोली अचानक फार मोठी वाटायची. घर कमी होऊ शकतं, हे मला तेव्हा कळायला लागलं. एका दिवसात नाही. दूध आटतं तसं, हळूहळू. त्या साली वहिनीने पुन्हा अवरेकाई आणली नाही. मी तिला वहिनीच म्हणत राहिले, आणि ती ओ देत राहिली.

या सगळ्याचा पुढे घरात एक विनोद झाला. आमच्याकडचं कुठलंही लग्न असो, बारसं असो, मी दिसले की कुणीतरी सुरू करणारच. "हीच ना ती? काकूच्या मागे टेम्पोत बसून पळालेली?" मग रवीदादा शर्टाची बाही वर करून चावल्याची जागा दाखवणार, जिथे आता काहीही दिसत नाही. "विनाकारण चावली हो!" आणि शेवटी सगळ्यांचं आवडतं: "सख्खी आई भेटायला गेली, तर पाहुण्यासारखं म्हणते कशी, बस!" हशा पिकायचा. वहिनीही हसायची. सगळ्यांच्या आधी हसायची, गोष्ट पूर्ण व्हायच्या आत. ती एवढी घाई का करते, याचा विचार करायला मला माझी मुलगी व्हावी लागली.

कारण आता मी दुपारभर ऑफिसात असते, आणि इरा पडली की तिच्या तोंडून "आज्जी!" निघतं. मी तिथेच, दोन हातांवर उभी असले तरी. मी समजूतदार आहे, शिकलेली आहे, मुलाला प्रेम करणारी जास्त माणसं असावीत असं मनापासून मानते. तरी त्या क्षणी मला ते लागतंच. ते खोटं कशाला बोलू?

परवाची गोष्ट. इरा चौथ्या मजल्यावर मैत्रिणीकडे खेळायला गेली होती. दिवेलागणीला मी आणायला गेले, तर ती सोफ्यावर मांडी घालून बसलेली. म्हणाली, "मम्मा, तू पण बस. आता पप्पा येतील, आज्जी येईल." मैत्रिणीची आई हसली. मी इराला समजावलं की पप्पा आपल्या घरी येतील, इथे नाही. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काहीतरी अर्थहीन बोलते आहे. "पण मी इथे आहे ना," ती म्हणाली.

वर आले तर वहिनी परात घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले, हातात दाणे घेतले आणि गंमत म्हणून तिला हे सांगितलं. ती हसली. "तुझ्यावरच गेली," म्हणाली. "तुलाही दुसऱ्याचं घर गोड लागायचं."

ती सहज म्हणाली, तेच नेहमीचं हसू चेहऱ्यावर ठेवून. आणि मला एकदम लख्ख कळलं की ती हे खरं धरून चालली आहे. इतकी वर्षं.

"वहिनी," मी म्हटलं, "मला काकूकडे राहायचं नव्हतं. तसं नव्हतंच ते."

"बरं बाई."

"नाही, ऐक ना. मला वाटलं होतं, संध्याकाळी तुम्ही दोघं तिकडेच येणार. रोज यायचात तसे. मी तुला सोडून गेलेच नव्हते. मला सोडून जाणं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं."

तिचे हात थांबले. "आणि ते बस म्हणालीस ते?"

"तुझी जागा होती ती, उंबऱ्याजवळची. मी रोज धरून ठेवायची. रवीदादा तिथे बसला म्हणून तर चावले त्याला."

ती म्हणाली, "मला वाटलं, मी तुला पाहुणी झाले. बसमध्ये तू मांडीवर झोपली होतीस आणि मी सगळा रस्ता रडत होते. तुझे अण्णा म्हणत होते, लोक बघताहेत." आणि पुढे म्हणाली, "दुकान सोडलं मी त्यापायी." मग एकदम तिने मनगटाने चष्मा वर सारला. "शालूला फोन लाव."

शालू म्हणजे काकू. अण्णांसारखेच काकाही जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती अजून पीण्यालाच असते, सुनीलकडे. आता पीण्यापर्यंत मेट्रो आहे, तरी दोघींची भेट वर्षातून एकदा होते की नाही शंकाच. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. काकूला कमी ऐकू येतं, म्हणून वहिनी ओरडूनच बोलली.

"शालू, मंजू काय म्हणते ऐक. ती तुझ्याकडे राहायला नव्हती आली गं तेव्हा. आम्ही दोघं संध्याकाळी तिकडेच येणार असं वाटत होतं तिला. माझी जागा धरून बसायची पोरगी!"

"मला ठाऊक आहे, अक्का," काकू म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं की तिने. रवीला का चावलीस विचारलं, तर म्हणाली, वहिनी आता येईल, तिला बसायला नको का? रोज दाराकडे तोंड करून बसायची."

वहिनीचा आवाज चढला. "आणि तू इतकी वर्षं मला बोलली नाहीस? सगळे हसायचे तेव्हाही नाही?"

"बोलले असते, तर तुम्ही दुसऱ्या दिवशीच येऊन तिला घेऊन गेला असता. आणि नंतर सांगायला तोंड राहिलं नाही. नवी जागा, ओळखीचं कुणी नाही. उजेड कमी झाला की मला त्या घरात भीती वाटायची, अक्का. ही तुमची वाट बघायची ना, तर तिच्याबरोबर मीही बघायची."

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात ओले होते म्हणून तिला ते पुसता येईना. मी पुसलं.

"मग मला बोलवायचंस, वेडे," ती फोनकडे वाकून म्हणाली. "मी आले असते."